बोरदरीची सतरा नंबरची कॅसेट

"आजी, याला काय म्हणता?" मी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवून विचारलं.

"टोंगळा," गिरजाबाई म्हणाल्या. आणि एवढी शिकलेली बाई, हिला टोंगळासुद्धा कळत नाही, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"अजून काही म्हणता का? दुसरा शब्द?"

"टोंगळ्याले टोंगळाच म्हनते बाई. तुमच्या नागपुरात काय म्हनते?"

आता मला काय टोंगळा ठाऊक नव्हता? माझी आई जन्मभर टोंगळाच म्हणत आली, मरतानाही टोंगळ्यांच्याच नावानं कण्हत गेली. पण बोलीच्या सर्वेक्षणाचा नियमच तसा होता. आपल्याला काही म्हणता काही येत नाही असं धरून विचारायचं, समोरचा सांगेल तेवढंच लिहायचं, आणि पुढच्या शब्दावर जायचं. चारशे दहा शब्दांची यादी होती. एका गावात तीन दिवस, तीन माणसं, तीन कॅसेटी. बोरदरी हे माझं सहावं गाव आणि गिरजाबाई आसुटकरांची ती सतरा नंबरची कॅसेट.

गिरजाबाईंच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. मध्ये टेपरेकॉर्डर. समोर त्या, पाय पसरून. सत्तरीच्या असाव्यात, पण पाठ ताठ आणि दात असे पांढरे आणि धड, की मला हेवा वाटला. त्यांच्या मांडीला टेकून त्यांची नात ममता बसली होती, सहा वर्षांची. टेपरेकॉर्डरमधलं चाक फिरताना पाहून तिच्या तोंडाचा आ मिटत नव्हता.

"बेचाळीस, टोंगळा," मी वहीत लिहिलं. "आता पुढचा. हे..."

"थांब न बाई," गिरजाबाईंनी ममताला बखोटीला धरून उभं केलं. "टोंगळ्याचं इचारलं तं हिचे टोंगळे पाह्य. उभी राह्य वो ममते, बाईले दाखव."

ममता उभी राहिली. तिचे दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटले होते आणि पावलं दूर दूर. मधून माझं दप्तर सहज गेलं असतं. ती लाजून हसली तेव्हा दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे दिसले.

"गावात असे बारा-तेरा पोट्टे हायेत," गिरजाबाई म्हणाल्या. "बोरिंग आली तवापासून सुरू झालं. आमी नाल्याकाठच्या विहिरीचं पानी पेत होतो. माहे दात पाह्य, माहे टोंगळे पाह्य. अन् बोरिंगचं पानी पेनारे पोट्टे पाह्य. मी म्हनते, पान्यातच काईतरी हाये. कोनी आयकत नाई."

मी काय केलं ते सांगते. "तवापासून" हा शब्द वहीच्या समासात टिपला. कालवाचक क्रियाविशेषण. बाकरे सरांना असे शब्द फार हवे असत. मग मी यादीकडे पाहिलं. पुढचा शब्द दात होता.

"बरं आजी. याला काय म्हणता?"

"दात."

"आणि ज्यातून पाणी काढता ती?"

"इहीर. अन् थे हापशीची बोरिंग."

तेवढ्यात गिरजाबाईंचा मुलगा वामन आला. ममताचा बाप. तिशीचा, सडपातळ, बोलताना आधी खाली पाहणारा. "बाई, आमी अर्ज देऊन राह्यलो पंचायत समितीत," तो म्हणाला. "बोरिंगचा. साऱ्या गावाचे आंगठे घेऊन राह्यलो. बुधवारी जातो."

"छान, द्याच," मी म्हटलं. आणि समासात लिहिलं: देऊन राह्यलो, घेऊन राह्यलो. चालू काळाचं इतकं सुंदर उदाहरण मला पाचही गावांत मिळालं नव्हतं. मनातल्या मनात मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशीचं वामनचं तोंड मला आज आठवत नाही, त्याची क्रियापदं आठवतात.

संध्याकाळी मी वही मिटली तेव्हा गिरजाबाईंनी विचारलं, "लिहून घेतलं न बाई सारं?"

"हो आजी. एकूण एक."

"वाचून दाखव बरं."

वेळ होता. एस.टी.साठी निघायला अजून अर्धा तास होता. मी त्या पानावरचे शब्द मोठ्यानं वाचले. टोंगळा. दात. इहीर. बोरिंग. पानी. तवापासून. गिरजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झालं तेव्हा त्यांनी मान डोलवली.

"हां. बराबर हाये. झालं मंग," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. मला वाटलं, म्हातारी किती मायाळू आहे. शप्पथ, एवढंच वाटलं.

*

आमच्या विद्यापीठात मराठी विभाग पहिल्या मजल्यावर आणि भूशास्त्र विभाग खाली तळमजल्यावर होता. जिना एक, चहाची टपरी एक, आणि जीपही एक. त्या जीपवरून सगळं रामायण झालं.

जीप आमच्या सर्वेक्षणाला मिळणार असं ठरलं होतं. बाकरे सर आमचे विभागप्रमुख. मोठे विद्वान, पण उंटावरून शेळ्या हाकणारे. ते बैठकीत गेले आणि हात हलवत परत आले. जीप भूशास्त्रवाल्यांनी नेली. त्यांचं काम होतं गावोगावच्या पाण्याचे नमुने आणायचं. वर त्यांच्यातले एक गृहस्थ भर बैठकीत म्हणाले म्हणे, "शब्द काय, पिशवीतही मावतात. पाण्याच्या बाटल्यांना जीप लागते." सगळे हसले. बाकरे सरही हसले. मला हे कळलं तेव्हा मी इतकी भडकले, की त्या दिवशी जेवले नाही. आणि मग चार महिने टेपरेकॉर्डर काखोटीला मारून एस.टी.चे धक्के खात फिरले.

तर बोरदरीहून परत आल्यावर दोन दिवसांनी टपरीवर मला विजय झोडे भेटला. भूशास्त्रात पीएच.डी. करत होता. उंच, हडकुळा, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. मला कुंदाताई म्हणायचा. पोरगा सरळ होता, त्याचा काहीएक दोष नव्हता. पण जीप त्याच्याच कामाला गेली होती ना.

"कुंदाताई, एक मदत करता का?" तो चहा घेऊन माझ्या बाकावर बसला. "माझी तीस गावं ठरायची आहेत. अठ्ठावीस झालीत, दोन राहिलीत. तुम्ही त्याच तालुक्यात फिरून आलात. कुठं पाण्याची तक्रार ऐकलीत का? पोरांचे दात पिवळे, हाडं वाकलेली, असं काही?"

आता नीट ऐका. मला ममता आठवली. तिथल्या तिथं आठवली. ओसरीवर उभी राहून लाजून हसलेली. जिभेच्या टोकावर बोरदरी आलं होतं.

आणि मी म्हटलं, "आमच्या यादीत तब्येतपाणी नाही हो झोडे. आम्ही पिशवीत मावतील एवढंच आणतो. पुढच्या वेळी जीप द्या, मग सांगते."

टपरीवरचे दोघं-तिघं हसले. झोडेचा चेहरा उतरला. "ताई, ते मी नव्हतो बोललो," तो म्हणाला.

"माहीत आहे. गंमत केली," मी म्हटलं.

गंमतच केली होती. मनाशी म्हटलं, नंतर सांगू. जरा वाट बघू दे. मग विद्यार्थ्यांच्या परीक्षा आल्या, बहिणीचं लग्न आलं, सातवं गाव आलं. झोडेनं उरलेली दोन गावं रस्त्याला लागून असलेली घेतली. जीप तिथपर्यंत नीट जायची. बोरदरीला शेवटचा दीड कोस चालावं लागत होतं. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. तिला काय माहीत, ती जीभ नेमकी बोलायच्या वेळी गप्प बसेल म्हणून.

*

सव्वादोन वर्षांनी शब्दकोशाचं काम सुरू झालं. प्रत्येक शब्दाला बोलणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य द्यायचं होतं. बाकरे सरांचा आग्रह होता, वाक्य खरं हवं, घरी बसून रचलेलं नको. एका दुपारी मी 'टोंगळा' घेतला आणि सतरा नंबरची कॅसेट लावली.

तुम्ही कधी स्वतःचा आवाज ऐकलाय? कुणालाच आवडत नाही म्हणतात. मलाही आवडत नव्हता, पण त्या दिवशी तो मला सहन होईना.

गिरजाबाई म्हणत होत्या, "हिचे टोंगळे पाह्य." मग "गावात असे बारा-तेरा पोट्टे हायेत." मग "पान्यातच काईतरी हाये. कोनी आयकत नाई." आणि त्यावर माझा आवाज, टवटवीत, घाईतला: "बरं आजी. याला काय म्हणता?"

मी कॅसेट मागं घेतली. पुन्हा ऐकली. कोनी आयकत नाई. बरं आजी. पुन्हा मागं घेतली. पुढं ऐकली तर कॅसेट संपेपर्यंत त्या बाईनं पाच वेळा तो विषय काढला होता. 'हाड' शब्दाला काढला, 'चालणं' शब्दाला काढला, 'नातू' शब्दाला काढला. पाचही वेळा मी तिला तोडलं होतं. एकदा तर "आजी, फक्त शब्द सांगा हो" असं चक्क वैतागून म्हटलं होतं.

मी तशीच उठले आणि जिना उतरून भूशास्त्रात गेले. झोडेचा प्रबंध होऊन गेला होता, तो खोक्यांत पुस्तकं भरत होता. दुसऱ्या दिवशी नोकरीवर रुजू व्हायचं होतं त्याला.

"झोडे, बोरदरीचं पाणी तपासलं होतंस?"

"बोरदरी?" त्यानं आठवून पाहिलं. "नाही ताई. ते माझ्या तीस गावांत नाही. का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, टपरीवरचंही. त्याला वाटलं असतं तर तो मला चार शब्द बोलू शकला असता. त्यानं हातातलं पुस्तक खोक्यात ठेवायच्या ऐवजी टेबलावर ठेवलं, आणि नोकरीच्या ठिकाणी फोन करायला गेला. एक दिवस उशिरा येतो म्हणाला.

सकाळी जीप मिळाली. आता कोणी हरकत घेतली नाही.

*

बोरदरीच्या हापशीजवळ झोडेनं पेटी उघडली. काचेच्या नळीत पाणी घेतलं, त्यात बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकले. बाया घागरी घेऊन गोल करून उभ्या राहिल्या. नळीतला गुलाबी रंग बघता बघता पिवळा झाला. झोडेनं मला नळी दाखवली नाही, खाली धरली.

"किती?" मी हळू आवाजात विचारलं.

"नक्की आकडा प्रयोगशाळेत कळेल. पण चालतं त्याच्या पाचपट तरी आहे. फ्लोराइड. ताई, माझ्या तीस गावांत एवढं कुठंच नव्हतं."

त्यानं तिथंच हापशीच्या दांड्यावर लाल पट्टा ओढला. हे पाणी आंघोळ-धुण्याला चालेल, पण जनावरांना नको, पिण्यास्वयंपाकाला तर अजिबात नको, असं सगळ्यांना समजावलं. मग तो नाल्याकाठच्या विहिरीवर गेला. तिचं पाणी गोड निघालं. म्हातारी त्या दिवशी बोलली होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. विद्यापीठाची पेटी फक्त तिच्या बोलण्याला आकडा लावून गेली.

मी मात्र हापशीपासूनच गिरजाबाईंच्या घराकडे बघत होते, पण पाय उचलेना. शेवटी वामनच आला.

"बाई, घरी चाला. माय वाट पाहून राह्यली."

गिरजाबाई ओसरीवरच होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आली न!" त्या वामनला म्हणाल्या. "मी म्हनत होती न, येईन म्हनून! या दोघा-तिघांले सांग जाय, आली म्हना बाई."

"वामनभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही तो अर्ज दिला होतात ना पंचायत समितीत? त्यांनी काय केलं? कोणीच आलं नाही?"

कुठंतरी मला दुसरा कोणी गुन्हेगार हवा होता. एखादा साहेब, एखादा बाबू. तो सापडला असता तर बरं झालं असतं.

वामननं खाली पाहिलं. "अर्ज नाई देल्ला बाई."

"का?"

तो आईकडे पाहायला लागला. गिरजाबाईच बोलल्या. "मीच नाई म्हटलं. तू सारं लिहून नेलं न बाई. वाचून बी दाखवलं. मशीनमंदी माहा आवाज नेला. मंग परत अर्ज काहाले द्याचा? बाईले वाटंन, आपल्यावर भरोसा नाई यांचा. म्या आंगठ्याचा कागद चुलीत टाकला."

"चुलीत," मी म्हटलं.

"गावातले मले हासत," त्या पुढं म्हणाल्या. अभिमानानं सांगत होत्या हो, तक्रार नव्हती. "एक साल झालं, कोनी नाई आलं. दोन साल झाले. वामन म्हने, माय, पुन्हा आंगठे घेतो. म्या म्हटलं, थांब. विद्यापीठ लय मोठं असते, तथी येळ लागते. पन लिहून नेलेलं वाया नाई जात."

त्यांच्या पायाशी बसून मी रडायला लागले. गिरजाबाईंना वाटलं, पोरांची दया येऊन बाई रडते आहे. त्या माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "नोको रडू बाय. आली न तू. झालं मंग."

"आजी, मी ते कोणाला दिलंच नाही," मी म्हटलं. "मी शब्द लिहिले. नुसते शब्द. तुमचं म्हणणं मी लिहिलंच नव्हतं."

त्या गोंधळल्या. "पन तू वाचलं न? टोंगळे, दात, बोरिंग, पानी... आनखी काय लिहाचं रायते?"

वामनला कळलं. तो आत गेला. परत बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेवर ममता होती.

आठ वर्षं उलटलेल्या मुलीला बाप कडेवर घेऊन येतो तेव्हा काय बघायचं राहतं? तिचे पाय गुडघ्यापासून बाहेरच्या बाजूला पार फाकले होते. खाली ठेवल्यावर ती भिंत धरून उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी ती धावत होती, मी स्वतः तिला माझ्यामागं गावच्या शिवेपर्यंत धावताना पाहिलं होतं. गावात आता अशी अठरा मुलं होती.

नोकरी सांभाळून झोडेनं पंधरा दिवसांत मेडिकल कॉलेजातून हाडांचे डॉक्टर आणले. मी त्यांना कोपऱ्यात गाठून विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी पाणी बदललं असतं तर?"

त्यांना काय माहीत मी कोण. ते सहज म्हणाले, "मग इतके वाकले नसते. लहान हाडं असतात, पाणी बदललं, दूध-भाजी मिळाली तर बरीच सावरतात. पण कोण सांगणार होतं या लोकांना?"

*

पुढचं सगळं चांगलंच झालं. म्हणजे वरातीमागून घोडं, पण घोडं चांगलं होतं. रसायनशास्त्रातल्या एका बाईंनी पाण्यातलं फ्लोराइड धरून ठेवणारी बादली बनवली, घरात चुलीशेजारी ठेवता येईल अशी. गृहविज्ञानवाल्यांनी शेवग्याच्या पाल्याच्या, तिळाच्या पाककृती गावोगाव शिकवल्या. दंत महाविद्यालयाची पोरं दात तपासत फिरली. ती फिरताना एक अडचण आली. डॉक्टर विचारत, "गुडघे दुखतात का?" आणि माणसं गप्प बसत. तेव्हा झोडेनं आमच्या विभागाकडं शब्द मागितले. मी रात्रंदिवस बसून चार पानांचं पत्रक केलं. कोणत्या गावात कोणत्या दुखण्याला काय म्हणतात ते. त्या पत्रकाच्या जोरावर अजून अकरा गावं सापडली. अकरा. त्यातल्या नऊ गावांत पोरांचे पाय वाकायच्या आत हापशी बंद झाल्या.

बाकरे सरांनी यावर भाषण केलं. सगळी शास्त्रं शेवटी माणसाच्या घरापर्यंत कशी जातात, यावर. टाळ्या पडल्या. जीपबद्दल बोललेले गृहस्थ पहिल्या रांगेत होते, त्यांनी येऊन माझं अभिनंदन केलं. "तुमच्या शब्दांनी कमाल केली," म्हणाले. मी म्हटलं, "पिशवीत मावतात हो." ते हसले. मला हसू आलं नाही. त्या भाषणात वेळेत वाचलेल्या गावांत बोरदरीचं नाव नव्हतं, आणि ते का नाही हे सभागृहात फक्त मला आणि झोडेला ठाऊक होतं.

मी त्यानंतर बोरदरीला जायचं टाळत राहिले. पत्र पाठवायचे, बादल्या पाठवायचे, स्वतः जायचे नाही. दीड वर्षानं वामनचंच पत्र आलं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मुलगा झालाय, वर्षाचा होऊन चालायला लागलाय, माय म्हणते बाईनं येऊन पाहावं. नाही म्हणायला काही कारण उरलं नाही.

गेले. गिरजाबाई थकल्या होत्या, पण ओसरीवर त्याच जागी होत्या. त्यांनी नातवाला माझ्यासमोर उभं केलं. उघडा, काळाभोर, कमरेला करगोटा. त्याचे दोन्ही हात धरून त्यांनी त्याला माझ्याकडे चालवलं. चार पावलं टाकून तो धपकन बसला आणि हसला. समोरचे दोन दात पांढरेशुभ्र होते.

"पाय पाह्य त्याचे," गिरजाबाई म्हणाल्या. "सरळ हायेत न? नाल्याच्या इहिरीचं पानी पेला हा. पोटात होता तवा त्याची माय बी थेच पानी पेली. थे तुह्या विद्यापीठानं केलं बाई. तू केलं."

"नाही आजी," मी म्हटलं, "मी नाही केलं."

"केलं नाई तं काय," त्या म्हणाल्या. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी कितीही सांगितलं असतं तरी त्या ऐकणार नव्हत्या.

ममता दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली होती. दहाची झाली होती. पाय एका बाजूला घेऊन बसायची सवय लागली होती तिला. शाळा सुटली होती, कारण शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती भावाकडे बघत होती. तो पुन्हा उठला, पुन्हा चार पावलं टाकली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. मग ती हातांवर रेटा देत जमिनीवरून सरकत माझ्यापर्यंत आली.

"बाई, याचे सरळ झाले," ती म्हणाली. "माहे कवा होतीन?"

वामन उठून बाहेर गेला. गिरजाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. हाडांच्या डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलं होतं, या मुलीच्या बाबतीत ऑपरेशनचाही फारसा उपयोग व्हायचा नाही.

"होतील," मी म्हटलं. "थोडा वेळ लागेल."

ममतानं आजीकडे पाहिलं आणि खुदकन हसली. तिचा विश्वास बसला होता.